थरथर थोडी कमी हवी होती

मला ताप होता एकशे दोन. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवशी आमच्या ऑफिसात तेवढी एकच गोष्ट खरी होती आणि तिचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही.

आमचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस दोन मजली. खाली तक्रारींची खिडकी आणि मीटरदुरुस्तीची खोली. वर आस्थापना, आवक-जावक आणि मोठे साहेब. मी आवक-जावकला. येणाऱ्या कागदावर शिक्का, जाणाऱ्या कागदावर शिक्का. आस्थापनेच्या टेबलावर जे गृहस्थ बसायचे त्यांना सगळं ऑफिस क्लोजअपसाहेब म्हणायचं, तोंडावरसुद्धा. रजेचा अर्ज त्यांच्याकडे द्यायचा, ते त्यावर शेरा लिहायचे आणि शेऱ्याखाली मोठे साहेब सही करायचे. मोठे साहेब शेरा वाचत नसत. ते काहीच वाचत नसत, पण सही मात्र अशी करायचे की बघत राहावं.

तर मी कशीबशी जिना चढून त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. नोकरीला लागून मला दोनच महिने झाले होते. क्लोजअपसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते टेबलावरून पुढे वाकले, इतके की त्यांच्या श्वासातली लवंग मला कळली.

"हं. पुन्हा सांगा."

"साहेब, ताप आहे. दोन दिवस रजा हवी होती."

"शब्द ठीक आहेत. थरथर जास्त होतेय."

"ताप आहे म्हणून थरथरतेय, साहेब."

"इथंच नवी माणसं चुकतात," ते कळकळीने म्हणाले. "ज्याला खरंच ताप असतो तो थरथर लपवायला बघतो, आणि त्या लपवण्यातून ती दिसते. तुम्ही तर ताटात वाढून दिलीत."

त्यांनी शेरा लिहिला: 'प्रयत्न प्रामाणिक. थरथर थोडी कमी हवी होती. अर्धा दिवस मंजूर.'

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. चौथ्या दिवशी राग चढला. ठणठणीत बरी असताना मी त्यांच्यापुढे गेले, खुर्चीची पाठ दोन बोटांनी धरली, खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "नाही, काही नाही साहेब. राहू द्या." आणि वळले.

"थांबा!" क्लोजअपसाहेब उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अर्ज आणलाय?"

'अप्रतिम,' त्यांनी लिहिलं. 'चार दिवस.'

त्या चार दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली आणि एकच विचार केला, की या माणसाला वेड लागलंय का मला.

वेड म्हणावं तर ते त्यांना पंचविशीत लागलं होतं. ती हकीकत त्यांनीच मला पुढे डबा खाताना सांगितली. नोकरीच्या मुलाखतीला निघाले असताना वाटेत ऊन लागलं म्हणून ते एका थिएटरात शिरले. पडद्यावर एक नटी ताटल्या पुसत होती. दारावर तार आली. तिने ती वाचली, घडी घातली, पुसलेल्या ताटल्यांखाली सरकवली, आणि उरलेल्या चार ताटल्या पुसल्या. बस. तारेत काय होतं ते प्रेक्षकाला पुढे अर्ध्या तासाने कळतं, पण क्लोजअपसाहेबांना तिसऱ्या ताटलीलाच कळलं. मुलाखतीला ते दोन तास उशिरा पोचले. समोर तीन अधिकारी. "उशीर का?" असं विचारल्यावर यांनी तार, घडी आणि चार ताटल्या, सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगता सांगता हुंदका आला. अधिकाऱ्यांना वाटलं, तार यांच्याच घरी आली. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि नोकरी दिली.

"तुम्ही खुलासा नाही केलात?" मी विचारलं.

"केला ना. म्हटलं, सिनेमा होता. तर मधले अधिकारी म्हणाले, हो हो, असंच वाटतं बाळ, सगळं सिनेमातल्यासारखं वाटतं."

दर शनिवारी अर्धा दिवस भरला की ते दुपारच्या खेळाला जायचे. एकेक सिनेमा तीनदा बघायचे. पहिल्यांदा डोळ्यांसाठी, दुसऱ्यांदा हातांसाठी आणि तिसऱ्यांदा पाठींसाठी. पाठीवर त्यांची फार श्रद्धा. "तोंडाला लहानपणापासून खोटं बोलायची सवय असते," म्हणायचे. "पाठ बिचारी अडाणी. ज्याला पाठ सांभाळता आली तो नट." तिसऱ्या वेळी ते कानांत कापूस घालून बसायचे, कारण संवाद ही लेखकाची मेहनत, तिच्यामुळे नटाचे गुण वाढायला नकोत. बाजूच्या खुर्चीवरचा माणूस काही विचारी, तर ते फक्त मान हलवायचे. एकदा अशाच मान हलवण्याने त्यांनी कुणाची तरी छत्री सांभाळायचं कबूल केलं होतं. ती पुढची कित्येक वर्षं त्यांच्या घरात होती.

घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि वहिनींच्या आई. वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये. सकाळपासून लोकांच्या दंडात सुया टोचायच्या. "तोंडं वेडीवाकडी करणारे शंभर लोक मला रोज फुकट दिसतात," त्या म्हणायच्या, "त्यासाठी तिकीट कशाला काढू?" तरी नवऱ्याच्या आग्रहाखातर महिन्यातून एकदा जायच्या आणि दहाव्या मिनिटाला झोपायच्या. वहिनींच्या आईला अकरा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. क्लोजअपसाहेबांनी मला खासगीत सांगितलं की त्यांना सगळं ऐकू येतं.

"कशावरून?"

"खरा बहिरा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो. सासूबाई भिंतीकडे बघतात. पण भिंतीकडे बघणं काय आहे म्हणून सांगू! अकरा वर्षांत एकदाही पापणी चुकली नाही. मी मागे भांडं पाडून पाहिलं. ढिम्म."

"मग वहिनींना सांगितलं नाहीत?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना देवळातली घंटा चोरायला सांगितली. "चालू प्रयोगात उठून ओरडतात का कुणी?"

तर असा हा माणूस, आणि याच्या हातात साठ माणसांच्या रजा. नियमाप्रमाणे त्यांनी फक्त रजा शिल्लक आहे का ते बघायचं होतं. पण टेबलापुढे उभं राहून कारण सांगायची पद्धत त्यांच्या आधीच्या माणसाने पाडलेली, आणि समोर कुणी उभं राहून काही सांगू लागलं की क्लोजअपसाहेब प्रेक्षक होऊन जायचे. त्याला त्यांचा इलाज नव्हता. मनाने ते शुद्ध होते. वशिला चालत नसे, साहेबांचा मेव्हणा असो की नळजोडणीवाला. 'पोटदुखी पटली, पण हात चुकीच्या बाजूला. एक दिवस.' 'लग्नाचं आमंत्रण सांगताना आनंद ओठांपर्यंतच आला. नामंजूर.' 'सुरुवात संथ, शेवट दणदणीत. मागितलेत दोन, दिले तीन.'

पोटासाठी माणूस काय शिकत नाही? वर्षभरात आमचं ऑफिस तयार झालं. व्हॉल्व्ह फिरवणारे दोघे भाऊ जेवणाच्या सुट्टीत टाकीमागे एकमेकांसमोर कंबर धरून चालायचे. मीटर वाचणारे लोकांच्या घरात शिरले की आकडे राहायचे बाजूला, घरातली आजारी माणसं बारकाईने बघून यायचे. टँकरच्या ड्रायव्हरने तर कळस केला. त्याची आत्या एकाच वर्षात चार वेळा वारली. पहिल्यांदा तो धाय मोकलून रडला. एक दिवस मिळाला. दुसऱ्यांदा बोलता बोलता गप्प झाला. दोन दिवस. तिसऱ्यांदा हसत आला, हसत सांगितलं, आणि जिन्यावर जाऊन बसला. तीन दिवस. चौथ्यांदा तो आला, अर्ज ठेवला, आणि क्लोजअपसाहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून नुसता हातात धरून उभा राहिला, जसं काही ते काय असतं हेच तो विसरला होता.

सगळं ऑफिस जमलं होतं. खालून तक्रारी घेऊन आलेले लोकसुद्धा वर आले होते. हातात गढूळ पाण्याची बाटली घेतलेल्या एका आजोबांनी डोळे पुसले. "अहो पण आत्या किती यांना?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"एकच," मी म्हटलं. "आणि ती परवाच यांना डबा द्यायला आली होती."

"काही का असेना," आजोबा म्हणाले, "गेली बिचारी."

शेरा होता: 'आत्या चौथ्यांदा वारली, पण या वेळी पटली. पाच दिवस.'

आणि मग मीटरदुरुस्तीच्या खोलीत त्या बाई बदलून आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, बोटांना तेल. बंद पडलेली मीटरं उघडून आतली चिमुकली चाकं साफ करायची, हे त्यांचं काम. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायच्या. येऊन महिना झाल्यावर एका बुधवारी त्या वर आल्या, अर्ज टेबलावर ठेवला आणि उभ्या राहिल्या.

क्लोजअपसाहेबांनी चष्मा वर सरकवला. पुढे वाकले. "बोला."

"उद्या रजा."

"कारण?"

"लिहिलंय."

अर्जात लिहिलं होतं, 'घरगुती काम'. क्लोजअपसाहेब आणखी वाकले. बाईंचा चेहरा म्हणजे धुतलेली पाटी. त्या ना दुःखी होत्या, ना घाईत, ना लाचार. बघता बघता क्लोजअपसाहेबांचा रंग पालटला. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

बाई गेल्या. जाताना यांनी त्यांची पाठही बघितली. मग माझ्या टेबलाशी आले आणि माझ्या पाण्याच्या तांब्यातलं सगळं पाणी प्यायले.

"बघितलंत?" तांब्या खाली ठेवत ते म्हणाले. "चार ताटल्यांनंतर आज. सत्तावीस वर्षांनी. काही म्हणजे काही दाखवलं नाही. केवढं मोठं दुःख असेल त्या बाईच्या पोटात!"

शेरा लिहायला त्यांना जेवणाची सुट्टी पुरली नाही. शेवटी लिहिलं: 'या अर्जापुढे शेरा लिहिण्याची माझी पात्रता नाही. मंजूर.'

बाई दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. उद्या रजा, लिहिलंय, नाही. त्या आल्या की क्लोजअपसाहेब उठून उभे राहायचे. घरी जाऊन वहिनींना सांगायचे, की आज पापणीसुद्धा हलली नाही. वहिनींनी मला फोन करून विचारलं, "ही बाई कोण आहे गं? जिची पापणी हलत नाही ती? हे जेवत नाहीयेत."

मी म्हटलं, "वहिनी, काळजी करू नका. ती मीटर दुरुस्त करते."

"कुणाचं?" वहिनी म्हणाल्या.

ऑफिसात मात्र असंतोष पसरला. ड्रायव्हर सगळ्यांच्या वतीने वर आला. "साहेब, आम्ही इथे रक्ताचं पाणी करतो. माझी आत्या चारदा गेली. आणि त्या बाई काहीच करत नाहीत तरी रजा?"

"तेच तर!" क्लोजअपसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "तेच तर, वेड्या! काहीच न करणं! तुला जमेल?"

हे बोलणं त्यांना महागात पडलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे काहीच न करायला लागले. टेबलापुढे रांग, आणि रांगेत एकजात कोरे चेहरे. सरावाशिवाय जमत नाही म्हणून लोक दिवसभर सराव करू लागले. व्हॉल्व्हवाल्या भावांची आई इस्पितळात दाखल झाली, खरोखरची, तर दोघे शुंभासारखे उभे राहून म्हणाले, "उद्या रजा." मोठ्या साहेबांच्या पायावर शिपायाच्या हातून फायलींचा गठ्ठा पडला, साहेबांनी बोंब मारली, आणि बाकी खोलीत एक भुवई उचलली गेली नाही. तक्रारीच्या खिडकीवर एक बाई धावत आल्या. त्यांच्या गल्लीत मुख्य नळ फुटून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. खिडकीवरचा कारकून त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिला. त्या ओरडल्या. तो बघत राहिला. मागचे तिघेही बघत राहिले. त्या बाई घाबरून निघून गेल्या आणि त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की आपल्या शाखेतील सर्व कर्मचारी मूर्च्छित अवस्थेत असून बहुधा क्लोरीन वायूची गळती झाली आहे.

आठवड्याच्या आत एक तपासणी अधिकारी आले, सोबत एक डॉक्टर. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून साठ जणांची नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाले, चेहरे नाही हलले. डॉक्टर म्हणाले, "शरीराने सगळे उत्तम. असं मी कुठंच बघितलेलं नाही." मग तपासणी अधिकाऱ्यांनी कोण किती आजारी पडतं हे बघायला रजेची फाईल मागवली.

ती फाईल ते पाच तास वाचत होते. मधे एकदा त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि एकदा नाक शिंकरण्याचा.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. जबाबांवर शिक्का मारायला म्हणून मी हजर होते.

"'आत्या चौथ्यांदा वारली, पण या वेळी पटली'," तपासणी अधिकाऱ्यांनी वाचलं. "ड्रायव्हरला आत्या किती?"

"एकच, साहेब," क्लोजअपसाहेब म्हणाले. "पण चारही वेळा वेगळी वाटली."

"आणि ज्यांना खरोखर ताप होता त्यांना तुम्ही अर्धा दिवस दिलात."

क्लोजअपसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. उभ्या आयुष्यात त्यांनी हजार सिनेमे पाहिले होते. घाबरलेला माणूस, पस्तावलेला माणूस, निरपराध माणूस कसा दिसतो ते त्यांना नखशिखांत माहीत होतं. पण यातलं एकही त्यांना करता आलं नाही. ओठ वेडेवाकडे झाले, हात कुठे ठेवावे कळेना, एक हात खिशात गेला तो तिथेच अडकला. इतका वाईट पश्चात्ताप मी कधी बघितला नाही. "चूक झाली माझी, ताई," ते मला म्हणाले. "पण थरथर जास्त होती."

मग मीटरवाल्या बाईंना बोलावलं. त्या हात पुसत आल्या.

"तुमच्या अर्जावर असा शेरा आहे की लिहिणाऱ्याची पात्रता नाही," तपासणी अधिकारी म्हणाले. "तुम्ही नेमकं काय केलंत?"

"अर्ज दिला."

"आणि?"

"उभी राहिले."

"तुम्हाला कसलं दुःख आहे?"

"दुःख कसलं?" बाईंना खरंच समजेना. "रजा शिल्लक होती."

"किती?" तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्रेचाळीस दिवस. आता पस्तीस. रजेच्या दिवशी मी दुपारी झोपते. चाकं बघून डोळे दुखतात."

मी शिक्का हातात धरून उभी होते. साठ माणसं वर्षभर टाकीमागे लंगडली, रडली, आत्या मारल्या, आणि रजा आपलीच आहे, ती मागायची असते, मिळवायची नसते, हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नव्हतं. तपासणी अधिकाऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मोठ्या साहेबांकडे वाकून हळूच म्हणाले, "माझी किती असेल हो? एकोणीस वर्षांत मी घेतलीच नाही."

क्लोजअपसाहेबांची बदली झाली खाली, तक्रारींच्या खिडकीवर. बदलीचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सत्तावीस वर्षांच्या नजरेने ज्याला थोर अभिनय म्हटलं, ती दुपारची झोप निघाली. दोन शनिवार ते सिनेमाला गेले नाहीत. वहिनींनी सांगितलं, की घरी येतात, खुर्चीत बसतात, भिंतीकडे बघतात. एका बाजूला आई भिंतीकडे बघतेय, दुसऱ्या बाजूला हे. मधे मी टीव्हीसारखी.

तिसऱ्या शनिवारी जेवणं झाली, वहिनी भांडी आवरत होत्या. अचानक स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"जावईबापू, पावणेतीन झाले. खेळ चुकेल तुमचा."

वहिनींच्या हातातलं पातेलं निसटलं. क्लोजअपसाहेब ताडकन उठले. "सासूबाई! अहो, अकरा वर्षं! काय केलंत हे!"

"काय म्हणालात?" सासूबाई कानाला हात लावून म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोला."

या प्रकाराने क्लोजअपसाहेबांना जो धक्का बसला त्यात आधीचा धक्का विरला. सोमवारी खिडकीवरून उठून ते शेजारच्या मीटरदुरुस्तीच्या खोलीत गेले. मी तिथे टपाल द्यायला गेले होते.

"बाई, माझ्याबरोबर एक सिनेमा बघाल? आमच्या मिसेसही असतील. आणि या ताई."

"का?" बाईंनी भिंग न काढता विचारलं.

"मला त्यातलं काही कळत नाही असं वाटायला लागलंय."

बाईंनी विचार केला. "बरं. बसायला पाठ टेकता येते ना?"

आम्ही चौघं गेलो. सिनेमा नवा होता. एक म्हातारा घड्याळजी आणि त्याचं बंद पडत चाललेलं दुकान. घड्याळजीचं काम करणारा नट फार मोठा. त्याच्या हातांबद्दल सगळी वर्तमानपत्रं भरून आली होती. क्लोजअपसाहेबांनी म्हणूनच तो निवडला होता. दहाव्या मिनिटाला वहिनी झोपल्या. अकराव्या मिनिटाला पडदाभर ते हात आले, चिमट्यात एक चाक धरलेले, आणि थिएटरातली माणसं श्वास रोखून बसली.

"हा चाक उलटं बसवतोय," मीटरवाल्या बाई म्हणाल्या.

"श्श!" पुढच्या रांगेतून.

"आणि चिमटा असा धरला तर चाक उडून डोळ्यात जाईल."

"पण डोळे बघा, बाई," क्लोजअपसाहेब काकुळतीला आले. "डोळ्यांतली माया बघा."

"माया असेल. पण चाकावर नाही. चाक बघणारा माणूस तोंड आत घालतो, हा बाहेर काढून बसलाय. दिसावं म्हणून."

मग बाई खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या. "ही बघा. ही करतेय काम."

मला आधी कळेना कोण. पुढे घड्याळजी मुलाला काहीतरी काळजाला भिडणारं सांगत होता. मागून एक बाई चहा घेऊन आली. टेबलावर कप ठेवायला जागा नव्हती. तिने करंगळीने स्क्रूंची बशी थोडी सरकवली, कपाचं बूड बाहीला पुसलं, कप ठेवला, क्षणभर थांबली आणि गेली. सात सेकंद. तिच्याकडे थिएटरातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं.

इंटरव्हलमध्ये क्लोजअपसाहेबांनी दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलं. नंतरच्या तीन आठवड्यांत त्यांनी तो सिनेमा नऊ वेळा बघितला, नऊही वेळा त्या सात सेकंदांसाठी, आणि तेवढं झालं की उठून यायचे. "स्क्रू सांडणार नाहीत एवढीच बशी सरकवली," ते मला खिडकीतून सांगायचे, रांग खोळंबलेली असताना. "आणि ते थांबणं! काय थांबलीय! म्हातारा काही बोलेल म्हणून थांबली. नाही बोलला. गेली."

श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. त्यांनी सिनेमा कंपनीला सहा पानी पत्र लिहिलं, अभिनंदनाचं, आणि तिचा पत्ता मागितला. जावक शिक्का मीच मारला, तो नियमात बसत नव्हता तरी. दीड महिन्याने उत्तर आलं, टाईप केलेलं, चार ओळींचं. आपण उल्लेख केलेल्या बाई आमच्या कलाकार नाहीत. त्या आमच्याकडे चहा देण्याच्या कामावर आहेत. चित्रीकरण चालू असल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही व तो भाग नजरचुकीने राहून गेला. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

मी ते पत्र घेऊन खाली गेले तेव्हा मला त्यांचीच काळजी वाटत होती. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून मीटरदुरुस्तीच्या खोलीत गेले आणि बाईंना वाचून दाखवलं.

"म्हणजे खराच चहा होता," बाई म्हणाल्या.

"हो, पण मग ती थांबली का?" क्लोजअपसाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्या दुःखाच्या नव्हत्या. "तिला कॅमेरा माहीत नाही. संवाद माहीत नाही. समोर म्हातारा काहीतरी बोलतोय, ते खरं की खोटं हेही माहीत नाही. मग एक क्षण थांबली ती कशासाठी? कुणी 'ठेव' म्हणावं म्हणून?"

"रिकामा कप न्यायचा असेल आधीचा."

"आधीचा कप नव्हता टेबलावर."

"होता. डावीकडे, घड्याळाच्या मागे."

"नव्हता हो! नऊ वेळा बघितलंय मी."

"तुम्ही तिच्याकडे बघत होतात. मी टेबलाकडे."

सिनेमा तोवर आमच्याकडून उतरला होता. शेजारच्या गावात लागला आहे असं कळल्यावर रविवारी दोघं बसने गेली, वहिनीही गेल्या, कारण बसमध्येही झोपता येतं. सोमवारी मी जिन्यातच विचारलं, "मग? कप होता का?"

"होता," क्लोजअपसाहेब म्हणाले. "पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही."

"बघितलं," खोलीतून बाईंचा आवाज आला. "डोळ्यांच्या कोपऱ्यातून."

हा वाद अजून मिटलेला नाही. खिडकी आणि मीटरदुरुस्तीची खोली यांच्यात लाकडी फळ्यांची भिंत आहे, तिच्या फटीतून तो चालतो. तक्रारी घेऊन येणारे लोक आधी चिडतात, मग कसला कप म्हणून विचारतात, मग क्लोजअपसाहेब खिडकीत पेपरवेट ठेवून, बाजूला स्क्रूंची बशी म्हणून टाचण्यांची डबी ठेवून, करंगळीने ती सरकवून दाखवतात. त्यांना ते फार वाईट येतं. टाचण्या सांडतात. लोक वाकून उचलू लागतात, आणि मग त्यांची पाण्याची तक्रार क्लोजअपसाहेब अगदी व्यवस्थित लिहून घेतात, कारण आता त्यांना तोंडाकडे बघायची गरज वाटत नाही. गढूळ पाण्याची बाटली समोर ठेवली की पुरतं.